शर्यतीच्या कबुतरांचे जुने फोटो घेताय? आधी हे वाचा

36,850 रुपये गेले माझे. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण मला नकली फोटो विकणारा तोच माणूस उद्या तुमच्यापैकी कुणाला तरी गाठणार.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, आधी खरा माल दाखवायचा. पहिला फोटो 1,200 रुपयांना आला, तो अस्सल निघाला. जाड कागद, काळ्या भागाच्या कडेला चंदेरी झाक, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली जराही चमक नाही. सोलापुरात बसून याहून जास्त काय तपासणार? गच्चीवर कबुतरांची ढाबळ असलेल्या घरात वाढलोय मी.

मग त्याने बेल्जियमच्या एका जुन्या शर्यतवाल्याचा अल्बम काढला. दुसऱ्या महायुद्धाआधीचे 20 फोटो, 30,000 रुपये. पैसे पोचल्यावर ‘कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून आणखी 6,850, तेही कुणा तिसऱ्याच्याच यूपीआयवर. पार्सलवरचं कस्टम पोस्ट किंवा कुरिअर पावती देऊन घेतं, कुणाच्या खासगी खात्यावर नाही. पाठ करून ठेवा.

पण खरी गोम त्याआधीच दिसत होती. मोबाईलवर आलेल्या प्रत्येक फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तपकिरी डाग. मी विचारलंही. “दादा, अल्बमला ओल लागली होती, सगळ्या पानांत झिरपली.” पटलं. का पटू नये? आजोबांच्या हिशोबाच्या वह्यांना अशीच ओल लागलेली मी पाहिलीय. पण ओलीचा डाग पानागणिक बदलतो, लहान होत जातो. इथे वीसही फोटोंवर तोच डाग, तेवढाच, आणि डागातला बारीक ओरखडासुद्धा तोच. ओरखडा कसा झिरपेल? अजून रात्री ते फोटो उघडतो आणि डोकं सणकतं.

पार्सलमधून निघाले इंकजेट प्रिंट. भिंगाखाली शाईचे ठिपके, निळ्या दिव्याखाली कागद लख्ख. कागद उजळवणारं ते रसायन फोटोच्या कागदात 1950 च्या सुमारास आलं, म्हणजे युद्धाआधीचा फोटो असा चमकणारच नाही. कबुतराच्या पायातली कडीही वाचा, तिच्यावर साल असतं. माझ्या ‘युद्धाआधीच्या’ एका पक्ष्याच्या कडीवर 58 आहे!

आता पोलीस ठाण्यातलं ऐका. “साहेब, कबुतराच्या फोटोची केस आलीय,” असं आत ओरडून सांगितलं, वर हशा. पार्सल मिळालं ना, मग फसवणूक कसली? सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, आरोपी परजिल्ह्यातला, तिकडे तक्रार करा. अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे! आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी त्यांना शिकवायचं? बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकला. दोन पाळ्या करून साठवलेला पैसा होता तो.

संशय आला की त्याच क्षणी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पार्सलची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती लागणं अवघड. चॅट पुसू नका. आणि तक्रारीची पोच शिक्क्यासह लेखी मागा. मला ती अजून दिलेली नाही. सोमवारी पुन्हा जातोय, पोच हातात पडेपर्यंत उठणार नाही.