डिबेल्स, आठवी आवृत्ती : मोजमाप उत्तम, पुढची जबाबदारी शाळेची

अमेरिकेतील शाळांमध्ये मागे पडणाऱ्या मुलांना स्तरांनुसार मदत देण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती वर्षभर गोळा केलेल्या नोंदींवर चालते, आणि वाचनाच्या बाबतीत या नोंदी पुरवणाऱ्या प्रमुख साधनांपैकी एक म्हणजे ओरेगन विद्यापीठाचे ‘डिबेल्स’, म्हणजे वाचनाच्या छोट्या चाचण्यांचा संच. आठवी आवृत्ती बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असून चाचण्यांचे साहित्य शाळांना विनामूल्य मिळते.

वर्षातून तीनदा सर्व मुलांची चाचणी होते. उतारावाचनासाठी एक मिनिट असते. मूल एखाद्या शब्दावर तीन सेकंद अडले, तर शिक्षक तो शब्द सांगतात आणि चूक धरतात, मात्र तेवढ्या वेळात मुलाने स्वतःच सुधारणा केली, तर शब्द बरोबर मानला जातो. नियम इतके नेमके आहेत की तपासणाऱ्याच्या मर्जीला फारसा वाव उरत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती निरर्थक शब्दांची चाचणी, कारण ओळखीच्या शब्दांच्या पाठांतरावर आजवर निभावून नेलेल्या मुलाला अक्षरांचे ध्वनी खरोखर जोडता येतात का, हे तिथे लगेच समजते.

गुणांवरून मुलांचे निळा, हिरवा, पिवळा आणि लाल असे गट पडतात. पिवळ्या व लाल गटांतील मुलांना लहान गटात जादा शिकवणी दिली जाते, ठरावीक काळाने पुन्हा चाचणी घेऊन आलेख काढला जातो, आणि लागोपाठ चार नोंदी अपेक्षित प्रगतीच्या रेषेखाली गेल्यास शिकवण्याची रीत बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुलाला दोष देण्याआधी शिकवण्याकडे पाहायला लावणारा हा संकेत मला या सगळ्या व्यवस्थेचा गाभा वाटतो.

उणिवाही लहान नाहीत. लाल रंग मूल मागे आहे एवढेच सांगतो. ते ध्वनी जोडण्यात अडते, की सगळे येत असूनही सावकाश वाचते, की इंग्रजीच त्याला नवी आहे, हे शिक्षकालाच शोधावे लागते. आकलनाची मोजणी तर फारच तोकडी आहे : दुसरीपासून पुढे, तीही गाळलेल्या जागी तीनांपैकी योग्य शब्द निवडण्यापुरती. मुख्य आकडा वेगाचा असल्यामुळे वर्गात घड्याळ लावून वाचनाच्या शर्यती सुरू होण्याचा धोका राहतो (आणि मुले असल्या शर्यतीत फार लवकर तरबेज होतात).

2015 साली प्रसिद्ध झालेल्या संघराज्य सरकारच्या मूल्यमापनात 146 शाळांतील स्तरनिहाय मदतीचा अभ्यास झाला. तो केवळ डिबेल्सविषयी नव्हता. पण मदतीसाठी ठरवलेल्या गुणांच्या सीमारेषेच्या किंचित खाली असल्यामुळे जादा मदतीसाठी निवडलेली पहिलीची मुले रेषेच्या किंचित वर असलेल्या मुलांपेक्षा नंतरच्या वाचनचाचणीत मागे राहिल्याचे त्यात आढळले. म्हणून रेषेलगतच्या मुलाचा स्तर एका मिनिटाच्या गुणांवर ठरवू नये, असे माझे मत आहे.

ज्या शाळेच्या वेळापत्रकात लहान गटांसाठी राखीव तास आहे आणि तो घ्यायला प्रशिक्षित शिक्षक आहेत, तिने हे साधन अवश्य वापरावे. तशी सोय नसलेल्या शाळेत चाचण्यांवर शिक्षकांचा वेळ तेवढा खर्च होईल.