धडधड अधूनमधून, ईसीजी मात्र नॉर्मल: होल्टर, पॅच, घड्याळ की आणखी काही?

छातीत धडधड सुरू होते. रिक्षा करून दवाखाना गाठेपर्यंत ती थांबलेली असते आणि तिथे काढलेला ईसीजी स्वच्छ येतो. डॉक्टर म्हणतात, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." घरचे म्हणतात, गॅसेस असतील. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. हृदयाच्या तक्रारींमध्ये ही सर्वात जास्त दमवणारी, कारण दुखणं खरं असतं आणि हातात पुरावा काहीच नसतो. माझी स्वतःची बरीच वर्षं यातच गेली, म्हणून आज त्या वळणावर उभे असलेल्यांसाठी हे पर्याय एकाशेजारी एक ठेवून मांडते आहे.

सर्वात आधी एक हिशेब. साधा ईसीजी म्हणजे साधारण १० सेकंदांची नोंद. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं, त्यातले बारा-पंधरा त्या कागदावर येतात. धडधड नसताना काढलेला नॉर्मल ईसीजी त्या १० सेकंदांबद्दल बोलतो, मागच्या मंगळवारच्या रात्रीबद्दल नाही. म्हणून त्याला निरुपयोगी मात्र समजू नका. हृदयात विजेची जन्मजात जादा वाट असलेल्यांमध्ये, म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या दोषात, शांत अवस्थेतल्या ईसीजीवरही बहुतेकदा खूण दिसते. क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबलेला असणं, आधी येऊन गेलेला हार्ट ॲटॅक, हेही त्यावर कळू शकतं. तो काढाच आणि कागद जपून ठेवा.

पुढचं सगळं वाचण्याआधी हे तपासा. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, पळताना किंवा जिना चढताना धडधड सुरू झाली, आधीपासून हृदयविकार आहे, किंवा जवळच्या नात्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे, तर तुलना करत बसू नका. थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जा. त्या क्षणी त्रास सुरू असेल तर १०८ ला फोन करा.

यंत्रांच्या आधी रक्ताच्या साध्या तपासण्या येतात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम. ॲनिमिया आणि वाढलेलं थायरॉइड ही धडधडीची नेहमीची कारणं, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ॲनिमिया इतका सर्रास असतो की तो न तपासता महागड्या यंत्राकडे वळणं मला पटत नाही. घेत असलेल्या औषधांची यादी बरोबर न्या. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, गरजेपेक्षा जास्त झालेली थायरॉइडची गोळी, यांनीही धडधडतं. तंबाखू, मिश्री, गुटखा यांबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. लहानपणी सांधे सुजून ताप येत होता का, हे आईला विचारून ठेवा. संधिवाताच्या त्या तापाने हृदयाची झडप अरुंद होऊ शकते आणि पुढे त्यातून अनियमित ठोक्यांचा त्रास सुरू होऊ शकतो. टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ती झडप दिसते.

आता मुख्य निवड. इथे एकच निकष धरा: तुमची धडधड किती दिवसांनी येते आणि किती वेळ टिकते. सर्वात महाग यंत्र सर्वात चांगलं असं नाही. धडधड येईल तेव्हा अंगावर किंवा हाताशी असेल ते चांगलं.

होल्टर की पॅच

होल्टर २४ किंवा ४८ तास लावतात. छातीवर चिकटवलेल्या वायरी, कमरेला छोटा डबा, आणि तेवढा वेळ अंघोळ बंद. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर घ्यावं लागायचं आणि ते तीस किलोहून जड होतं. आज ते खिशात मावतं आणि लहान शहरांतही मिळतं, हा त्याचा मोठा गुण. धडधड रोज किंवा एक दिवसाआड येत असेल तर होल्टरच घ्या. मध्येच जादा पडणाऱ्या ठोक्यांची मोजदादही तो करतो आणि ती महत्त्वाची आहे. असे थोडे ठोके निरोगी माणसांच्या होल्टरमध्येही सापडतात, रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख वाचून हादरू नका. खालच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांच्या पुढे गेले तर मात्र हृदय दमण्याची शक्यता असते आणि डॉक्टर त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

महिन्यातून एकदा येणाऱ्या धडधडीसाठी होल्टर लावणं म्हणजे नशिबावर हवाला. तरीही तोच सर्वात जास्त लिहून दिला जातो, कारण तोच हाताशी असतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मला महिन्यातून एकदाच होतं, मग या २४ तासांत ते सापडेल का?" हा उद्धटपणा नाही.

पॅच ७ ते १४ दिवस डाव्या छातीवर चिकटून राहतो. वायरी नाहीत, जपून अंघोळ करता येते. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात १४६ जणांना दोन्ही एकदमच लावले होते: २४ तासांच्या होल्टरने लय बिघडल्याच्या ६१ घटना पकडल्या, १४ दिवसांच्या पॅचने ९६. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा त्रास होत असेल तर माझं मत पॅचच्या बाजूने आहे. अडचणी दोन. मुंबई-पुण्यात तो मिळतो, तालुक्याच्या गावी चौकशी करावी लागते. आणि कोकणातल्या मे महिन्यात घामाने खाज येते, कधी तो सुटतो, तेव्हा हवा बघून तारीख ठरवा.

दोन्हींत एक काम तुमचं: धडधड झाली की बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. यंत्र अंगावर असताना धडधड जाणवली आणि तेव्हाची नोंद नॉर्मल लय दाखवत असेल, तर तो मोलाचा निकाल आहे. तुमची ती जाणीव लय बिघडल्याची नव्हती, हे तेव्हा पुराव्यानिशी कळतं. यंत्र असताना धडधडच आली नाही, तर मात्र काहीच सिद्ध झालेलं नाही. रिपोर्टवर दोन्ही वेळा "नॉर्मल" असाच शेरा असू शकतो. यातला फरक समजून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

घड्याळ की बोटांचं यंत्र

इथे बाजारात सर्वात जास्त गोंधळ आहे. मनगटाखाली हिरवा दिवा लुकलुकणारं प्रत्येक घड्याळ ईसीजी काढत नाही. तो दिवा फक्त नाडीचा वेग मोजतो आणि हात हलला की चुकू शकतो. ईसीजी काढणाऱ्या घड्याळावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवावं लागतं आणि ३० सेकंदांची, एकाच बाजूची नोंद मिळते. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आणली. दोन्ही हातांची बोटं ठेवून मोबाइलवर नोंद देणारी हातात सहज मावणारी छोटी यंत्रंही मिळतात. घड्याळ आधीपासून हातात नसेल तर केवळ या कामासाठी ते घेऊ नका, बोटांचं यंत्र त्याहून बरंच स्वस्त पडतं.

या यंत्राच्या बाजूने चांगला पुरावा आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत धडधड किंवा चक्कर घेऊन आलेल्या सुमारे २४० जणांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर असं यंत्र घरी दिलेल्यांपैकी ५५.६ टक्के लोकांची त्रासाच्या वेळची लय ९० दिवसांत सापडली, न दिलेल्यांपैकी ९.५ टक्के. महिन्या-दोन महिन्यांनी येणारी आणि निदान दोन-चार मिनिटं टिकणारी धडधड असेल, तर मी हाच पर्याय सर्वात वर ठेवीन.

तो कोणाला चालणार नाही? ज्यांची धडधड दोन-तीन सेकंदांतच संपते, यंत्र काढेपर्यंत सगळं आटोपतं. ज्यांची शुद्ध हरपते, त्यांना यंत्र धरणं शक्यच नाही. आणि ज्यांना काळजीचा स्वभाव आहे, त्यांनी जरा थांबून विचार करावा. दिवसातून वीस वेळा नोंद काढत राहिलं तर मन त्या यंत्रालाच बांधलं जातं. घरात नियम करा: त्रास झाला तरच काढायचं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्राचं स्वतःचं निदान प्रामुख्याने एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, शोधण्यापुरतं असतं, खूप वेगवान लयीला ते "अनिर्णित" म्हणून सोडून देऊ शकतं. शेऱ्यावर विसंबू नका, ती नोंद डॉक्टरांना पाठवा. मूळ रेषा पाहून जाणकार माणूस बरंच सांगू शकतो.

त्वचेखालचं यंत्र

लय नोंदवणारं हे छोटं यंत्र छातीच्या हाडाच्या डावीकडे, जागा बधिर करून, लहानसा छेद देऊन बसवतात. तीन वर्षं किंवा अधिक चालतं. २००७ च्या एका युरोपीय अभ्यासात, कधीतरीच येणाऱ्या पण लांबणाऱ्या धडधडीच्या ५० रुग्णांमध्ये या यंत्राने ७३ टक्क्यांचं निदान झालं, नेहमीच्या मार्गाने २१ टक्क्यांचं. आकडे मोहात पाडतात. पण खर्च मोठा, छेद आला, आणि नंतर ते काढावंही लागतं. वर्षातून दोन-तीनदा येणारी आणि भोवळ आणणारी धडधड असेल तर हे योग्य. शुद्ध शाबूत राहत असेल तर आधी बोटांचं यंत्र वापरून पाहा.

आणि बिनखर्चाचा पर्याय

धडधड वीस-पंचवीस मिनिटं टिकत असेल तर जवळच्या जवळ ईसीजी कुठे निघतो ते आधीच शोधून ठेवा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "आत्ता धडधडतंय, केसपेपर नंतर, आधी ईसीजी काढा." त्रास सुरू असताना काढलेली बारा बाजूंची ती एक नोंद वरच्या सगळ्या यंत्रांहून जास्त सांगते.

नाडी मोजायला शिका आणि धडधडीची लय टेबलावर बोटाने वाजवून डॉक्टरांना दाखवा. ठोका चुकून पुढचा एकच जोरात बसतो, तो बहुधा जादा ठोका. बटण दाबल्यासारखी सुरू होते, तशीच बंद होते, मानेत धपधप जाणवतं आणि नंतर भरपूर लघवीला होतं, ते वर्णन एसव्हीटीचं, म्हणजे वरच्या कप्प्यांशी जोडलेल्या विजेच्या एका जादा फेऱ्याचं. अगदी बेताल, कसलाच ठेका नसलेली, ती फिब्रिलेशनची असू शकते. हळूहळू चढून हळूहळू उतरणारी बहुतेकदा भीती, ताप, ॲनिमिया किंवा थायरॉइडमुळे वाढलेली साधी लय.

"हे टेन्शनचं आहे" म्हटलं तर

हे वाक्य खरंही असू शकतं. पॅनिक ॲटॅकमध्ये अगदी असंच धडधडतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण उलटही घडतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांपैकी दोन-तृतीयांश लोकांची लक्षणं पॅनिकच्या निकषांतही बसत होती. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता आणि त्रास मनाचा ठरवला जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त होतं. म्हणून "मन की हृदय" अशी निवड करू नका. समुपदेशनही सुरू ठेवा आणि नोंद मिळवण्याची खटपटही. एक केल्याने दुसरं खोटं ठरत नाही. ज्या बाईला वर्षानुवर्षं "तू फार विचार करतेस" एवढंच ऐकवलं गेलं, तिच्या हातात ३० सेकंदांची एक रेषा येणं किती मोठं असतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

लय सापडली, आता?

साधे जादा ठोके आणि हृदय निरोगी, तर बहुतेकांना औषधही लागत नाही. झोप नीट करा, चहा-कॉफी कमी करून फरक पडतो का ते पाहा. फिब्रिलेशन निघालं तर प्रश्न वेगळा, तिथे पक्षाघाताचा धोका मोजून रक्त पातळ करण्याचं औषध ठरतं. त्यात चालढकल नको.

एसव्हीटीमध्ये खरी निवड असते. वर्षातून एखादा झटका येत असेल तर कुंथण्याची युक्ती पुरू शकते: अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावून कुंथायचं, मग लगेच आडवं पडून दुसऱ्याने पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत या सुधारित पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, जुन्या पद्धतीने १७ टक्के. एकदा डॉक्टरांसमोर शिकून घ्या. मानेची शीर स्वतःहून दाबू नका. बीटा ब्लॉकर या ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या गोळीने झटके कमी होऊ शकतात, पण ती रोज घ्यायची, थकवा येऊ शकतो आणि दमेकऱ्यांना ती सहसा चालत नाही. अब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून तार नेऊन तो जादा फेराच तोडतात. नेहमीच्या प्रकारात यश ९५ टक्क्यांच्या आसपास, आणि शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना पेसमेकर लागण्याची जोखीम.

तरुण वय, वारंवार झटके, पुढे गरोदरपणाचा विचार किंवा ड्रायव्हिंगवर पोट असेल तर मी अब्लेशनकडे झुकेन. साठीनंतर क्वचित येणारे झटके युक्तीने थांबत असतील तर घाई करणार नाही. डॉक्टरांना विचारा की ते स्वतः वर्षाला अशा किती केसेस करतात. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून तारीख घेण्याआधीच कळून घ्या. आणि त्रासाच्या वेळची ती नोंद, कागदावर आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे, प्रत्येक भेटीला बरोबर ठेवा.