अक्षरांचा पाऊस की ठोक्यांचे दिवे?

कॉलेजच्या कला महोत्सवासाठी किंवा छोट्या गॅलरीसाठी पहिलंच इंटरॅक्टिव्ह, म्हणजे पाहणाऱ्यालाही भाग घ्यायला लावणारं, काम करायला घेत असाल, तर सेन्सर विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. आलेल्या माणसाला खेळू द्यायचंय, की त्याच्याकडून काहीतरी मागून घ्यायचंय? दोन्ही वाटांवर थोर कामं झाली आहेत.

पहिल्या वाटेवरचं काम म्हणजे कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांचं ‘टेक्स्ट रेन’ (१९९९). मोठ्या पडद्यावर तुम्हीच कृष्णधवल दिसता आणि वरून रंगीत अक्षरं पडत असतात. कॅमेऱ्याच्या चित्रात ठरावीक मर्यादेपेक्षा गडद काही आलं की अक्षर त्यावर टेकतं. ते गडद बाजूला झालं की पुन्हा पडू लागतं. युक्ती एवढीच. पण हात पसरले की हातावर अक्षरं जमतात, आणि दोघींनी काळी ओढणी ताणून धरली तर ओळीतला एखादा शब्द वाचताही येतो. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, लहान मूल दहा सेकंदांत रमतं. अनोळखी माणसं एकमेकांच्या हातांना हात जोडतात, हे मला या कामाचं खरं यश वाटतं. उणी बाजू अशी, की ती अक्षरं एका कवितेची आहेत आणि खेळाच्या भरात कविता वाचायची राहून जाऊ शकते.

मराठीत करणार असाल तर मात्रा-वेलांट्या अक्षरापासून सुटू देऊ नका. ‘स्त्री’ हे एकच अक्षर म्हणून पडलं पाहिजे. प्रोग्रामने युनिकोडचे, म्हणजे संगणकातल्या अक्षर-संकेतांचे, सुटे तुकडे पाडले तर सगळाच विचका होईल. मागची भिंत फिकी हवी आणि उजेड स्थिर हवा.

दुसरी वाट राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’ची (२००६). छताला शंभर ते तीनशे साधे फिलामेंटचे बल्ब. एका टोकाला सेन्सर. तो दोन्ही हातांनी धरला की जवळचा बल्ब तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर उघडझाप करू लागतो. हात सोडताच क्षणभर सगळे दिवे विझतात, आणि तुमचा ठोका रांगेत एक जागा पुढे सरकतो. म्हणजे शंभर बल्ब असतील तर आणखी शंभर माणसं येईपर्यंत तुम्ही त्या खोलीत असता, मग बाहेर ढकलले जाता. इथे एका वेळी एकच माणूस भाग घेतो, बाकीचे वाट पाहतात. पण वाट पाहणाराही आधी येऊन गेलेल्यांचेच ठोके पाहत असतो, त्यामुळे तो ताटकळत नाही.

हे काम मला अधिक खोल वाटतं, आणि अधिक अवघडही. मूळ बल्ब तीनशे वॅटचे, म्हणजे शंभरांना तीस किलोवॅट. महोत्सवाच्या मांडवात तेवढा लोड मिळणं कठीण. एलईडी घेतलेत तर तो झटकन विझतो, फिलामेंटसारखा सावकाश मंदावत नाही. ते मंदावणं प्रोग्राममध्ये घालावंच लागेल. लुकलुकत्या दिव्यांनी फिट येऊ शकणाऱ्यांसाठी दाराशी ठळक सूचना लावा.

जागा वर्दळीचा पॅसेज असेल, मुलं आणि आजी-आजोबा एकत्र येणार असतील, तर कॅमेरा आणि पडदाच घ्या. स्वतंत्र, अंधार करता येणारी खोली आणि रांग सांभाळायला दोन स्वयंसेवक हाताशी असतील, तर मात्र दहा-वीस दिव्यांचं का होईना, ठोक्यांचं काम करून पाहा.