लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचा तीन महिन्यांचा वर्ग: एका धावपटूचा अभिप्राय

नागपुरात काटोल रोडच्या बाजूला असलेल्या एका पागेतील, लांब पल्ल्यासाठी घोडा तयार करण्याचा तीन महिन्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. फुटाळा आणि सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर सात वर्षे धावत आल्यामुळे असेल, पण मला तेथे सर्वांत मोलाचा वाटला तो शिक्षकांचा धीर.

पहिले पाच आठवडे केवळ चाल आणि सावकाश दुडकी, तीही आठवड्यातून चारच दिवस. सहाव्या आठवड्यात माझ्याकडची घोडी दहा किलोमीटरनंतरही इतकी ताजीतवानी होती की, अंतर दुप्पट करावे असा मी आग्रह धरला. शिक्षकांनी माझा हात तिच्या पुढच्या पायाच्या नळीमागील कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यावर) ठेवला आणि दोन्ही पायांची ऊब ताडून पाहायला सांगितले. डावी कंडरा किंचित गरम होती. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा, अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे पट्टे) आणि हाडे यांना कित्येक महिने, कधी वर्षही लागते. दम वाढला म्हणून अंतर वाढवून मी पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीत नडगी दुखावून घेतली होती. मला निदान दुखणे सांगता आले. घोडीचे दुखणे रोज खराऱ्याच्या वेळी हातानेच शोधायचे, हा येथील नेम आहे.

ठोक्यांची नोंदही चोख असते. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींत टप्प्यावर ते ठरलेल्या मुदतीत ६४ पर्यंत उतरावे लागतात. येथे प्रत्येक फेरीनंतर स्टेथोस्कोपने मोजूनच पुढचे अंतर ठरते.

उणीव पाण्याच्या बाबतीत जाणवली. तहान लागेल तेव्हा पाणी, हा धावपटूंचा नियम येथे घोड्यांनाही लावला जात होता. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असल्याने रक्त दाट होते आणि तहान लागते. घोड्याच्या घामातून मात्र पाण्याबरोबर भरपूर मीठही जाते, त्यामुळे शरीर कोरडे पडत असतानाही त्याला तहान जाणवत नाही. एप्रिलमधल्या एका फेरीनंतर घामाने निथळणाऱ्या घोडीने बादलीला तोंडही लावले नाही. मी हे बोलून दाखवल्यावर दाण्यात मीठ सुरू झाले, परंतु सकाळी साडेसातची वेळ कायम आहे आणि नागपूरच्या उन्हात ती फार उशिराची आहे. नाव नोंदवायचे असेल, तर नोव्हेंबरची तुकडी घ्यावी.