आप्पांचं हृदय कापू नका म्हणणारी ओपीडी

अॅटॅकनंतर आप्पांचं पंपिंग (दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती रक्त बाहेर ढकलतो ते) २५ टक्क्यांवर आलं आणि हृदयाचा डावा कप्पा फुगत चालला. आधीच्या हॉस्पिटलात सांगितलं, बायपास करतानाच फुगलेला भाग काढून कप्पा लहान करू. सही करण्याआधी दुसरं मत घ्यावं म्हणून कराडहून आप्पांना पुण्यातल्या एका हृदयशस्त्रक्रिया विभागात नेलं. हा अभिप्राय त्या सल्ल्याबद्दल आहे.

नंबर सकाळचा, आत घेतलं दुपारी. दम लागणाऱ्या माणसाला तिथे पाठ टेकायलाही जागा नाही. हे सुधारायलाच हवं.

आत गेल्यावर मात्र सर्जन मॅडमनी अजिबात घाई केली नाही. अँजिओग्राफीची सीडी स्वतः लावून पाहिली, इको पुन्हा केला, हृदयाचा एमआरआय सांगितला. रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा आप्पांकडे वळून म्हणाल्या, "काका, कप्पा जितका मोठा तितका भिंतीवर ताण जास्त, आणि ताणाने तो आणखी फुगतो. म्हणून तो लहान करावा हा विचार चुकीचा नाही. पण करून काय हाती लागलं, तेही ऐका."

मग ब्राझीलचे सर्जन बातिस्ता यांचं सांगितलं. १९९०च्या दशकात ते फुगलेल्या कप्प्याच्या भिंतीची चकतीच कापून काढत. पुढे ती पद्धत मागे पडली. हृदयाभोवती पॉलिस्टरची जाळी बसवण्याचा प्रयोगही झाला, त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही. आप्पांना सुचवलेलं ऑपरेशन मोनॅकोच्या डॉ. व्हिन्सेंट डोर यांच्या पद्धतीचं होतं: मेलेल्या स्नायूचा भाग वगळून आतून ठिगळ लावायचं.

मी विचारलं, कप्पा लहान झाला की माणूस जास्त जगतो ना? त्यांनी नुसती बायपास आणि बायपाससोबत कप्पा लहान करणं यांची तुलना करणाऱ्या 'स्टिच' चाचणीचे आकडे कागदावर लिहूनच दिले. १००० रुग्ण, निष्कर्ष २००९ सालचे. नुसत्या बायपासने कप्प्याचं आकारमान ६ टक्के कमी झालं, सोबत कप्प्याची ही डागडुजी केल्यावर १९ टक्के. पण मृत्यू आणि हृदयासाठी पुन्हा भरती होणं, यांत फरक पडला नाही. डोर यांच्या बाजूचे सर्जन म्हणतात की त्या चाचणीत कप्पा पुरेसा लहान केलाच नव्हता. मॅडमनी तेही लपवलं नाही. स्वतः ऑपरेशन करणारी व्यक्ती इतकं मोकळेपणाने बोलली, याचं मोल मला फार वाटतं.

एमआरआयमध्ये आप्पांचा बराच स्नायू जिवंत निघाला, भिंतीचा भाग मरून पातळ होऊन बाहेर आलेला खरा फुगवटा नव्हता. तसा फुगवटा, आत गुठळी किंवा आटोक्यात न येणारे अनियमित ठोके असते तर डागडुजी केली असती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे फक्त बायपास झाली. पुढे सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. या गोळ्यांनीही कप्पा हळूहळू आकसू शकतो, हे मला तिथेच कळलं. ताज्या इकोत पंपिंग ३५ आहे आणि आप्पा जिना चढतात.

डाएटचा कागद इंग्रजीतून मिळाला. ज्याला वाचून मीठ तोडायचंय त्यालाच तो कळत नाही. मराठीत द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जाणार असाल तर अँजिओग्राफीची सीडी आणि जुने इको सोबत न्या, आणि पेशंटसाठी उशी.