जलवाहिनी आणि रसवाहिनी

झाडातल्या जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या असतात, आणि गंमत म्हणजे मेल्यावरच कामाला येतात. त्या पोकळ नळ्यांतून पाणी व क्षार मुळांकडून वर चढतात. पंप कुठेच नाही. पानांतून बाष्प उडतं, तसा पाण्याचा सलग धागा वर ओढला जातो. १०० मीटरहून उंच रेडवूड वृक्षालाही एवढं पुरतं.

रसवाहिनी, म्हणजे पानांत बनलेली साखर वाहून नेणारी नळी, जिवंत, पण केंद्रक गमावलेली. तिला शेजारच्या सहपेशी सांभाळतात. मला तीच जास्त चतुर वाटते. इथे ओढ नाही, दाब आहे: साखर भरली की पाणी आत शिरतं आणि रस पुढे ढकलला जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्यूंश यांनी १९३० मध्ये हे मांडलं. दिशा पक्की नाही. मुळं, शेंडे, फळं, जिथे गरज तिथे. खोडाची साल गोल सोलली तर रसवाहिनी तुटते आणि कापाच्या वरचा भाग फुगतो. पानं मात्र बरेच दिवस हिरवीच, कारण जलवाहिनी आत लाकडात शाबूत असते.