तयार मालिका विकावी की फॉरमॅट?

ब्रिटिश निर्मात्याकडे परदेशी वाहिनीला विकण्यासारख्या दोन गोष्टी असतात: झालेला कार्यक्रम, किंवा तो तिकडे नव्याने बनवण्याचा हक्क, म्हणजेच फॉरमॅट. २००३च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनंतर स्वतंत्र निर्मात्यांना असे हक्क स्वतःकडे ठेवणं सोपं झालं, त्यामुळे हा प्रश्न थेट त्यांच्या खिशाचा आहे.

तयार मालिका विकणं सुटसुटीत. खर्च आधीच होऊन गेलेला. ठरावीक देश, ठरावीक वर्षं, ठरावीक प्रक्षेपणं असा परवाना द्यायचा. डबिंगसाठी संवाद वगळून संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यायचा. इंग्रज उमरावांच्या वाड्यात घडणारी ‘डाउनटन ॲबी’ अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर मूळ नटांसहच गाजली, कारण तिथल्या प्रेक्षकांना तो इंग्रजी वाडाच बघायचा होता. घोडं अडतं ते भागांच्या संख्येवर. ‘शेरलॉक’च्या एका सीझनला तीनच भाग, तेही दीड-दीड तासाचे. रोजचा स्लॉट भरणारी वाहिनी त्याचं काय करणार?

इथे फॉरमॅट बाजी मारतो. मूळ ‘द ऑफिस’चे भाग १४, अमेरिकन आवृत्तीचे २०१. १९९८मध्ये आयटीव्हीवर आलेला ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ २०००मध्ये आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ झाला, पुढे मराठीतही आला. हॉट सीट, दिवे, लाइफलाइन, सगळं तेच. भाषा आणि सूत्रसंचालक तेवढे इथले. अर्थात कार्यक्रम कसा बनवायचा याची नियमावली तपशीलवार हवी. नुसती कल्पना कोणी विकत घेत नाही, फुकट उचलतात!

गेम शो असेल तर मी डोळे झाकून फॉरमॅट विकेन. पिरियड ड्रामा, म्हणजे जुन्या काळात घडणारी ‘डाउनटन’सारखी मालिका, मात्र तयारच विकावी.